नुसतं नाव नको, पान सांगा

वाचनालयाच्या कारभारात 'निर्लेखन' असा एक शब्द आहे. जीर्ण झालेली, पानं गळलेली, वर्षानुवर्षं कुणी न मागितलेली पुस्तकं कार्यकारिणीच्या ठरावाने दाखल नोंदवहीतून बाद करायची. मग ती रद्दीत जातात. हे करावं लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जागा तेवढीच असते. शिवाय कोकणातल्या पावसात चार महिने कपाटं मिटलेली राहिली की पुस्तकांना बुरा येतो, कसर लागते, एका पुस्तकातली वाळवी शेजारच्या दहांत शिरते. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात अशी एक यादी निघाली. मी कार्यकारिणीवर असल्यामुळे ती माझ्या हातात आली. तिसऱ्या पानावर शांता हुबळीकर यांचं 'कशाला उद्याची बात' होतं.

मी उठून ते पुस्तक कपाटातून काढलं. बांधणी घट्ट होती. पानं पिवळी पडलेली, पण एकही सुटलेलं नव्हतं. शेवटच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या तारखेच्या पट्टीवर चारच शिक्के होते, शेवटचा १९९७चा. म्हणजे पुस्तक जीर्ण झालंच नव्हतं. इतक्या वर्षांत ते कुणी मागितलं नाही, एवढंच त्याचं चुकलं होतं.

आणि बरोबर त्याच आठवड्यात आम्ही 'माणूस' पाहिला होता. आम्ही म्हणजे जुने सिनेमे बघणारी दहा-बाराजणं. महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पांढरी चादर ताणून, उसन्या प्रोजेक्टरवर एखादा जुना चित्रपट लावतो. १९३९चा 'माणूस' बघून सगळे भारावले होते आणि त्यातलं 'कशाला उद्याची बात' हेच गाणं गुणगुणत जिना उतरले होते. जिन्यापासून वीस पावलांवर, ते गाणं पडद्यावर गाणाऱ्या नटीने स्वतः सांगितलेलं तिचं आयुष्य कपाटात उभं होतं. उद्याची काळजी कशाला, असं हसत विचारणाऱ्या त्या बाईच्या वाट्याला पुढे किती हलाखीचे दिवस आले, हे त्यात होतं. गाण्याचेच शब्द तिने आत्मचरित्राला का दिले, हे पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही. आमच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं. मला स्वतःलाही नव्हतं, आणि मी तर त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे.

ती वीस पावलं मला अजून टोचतात. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. जुन्या सिनेमावर ज्यांचं प्रेम आहे, त्यांनी भेटल्यावर 'काय पाहिलंत?' याच्या जोडीला 'सध्या काय वाचताय?' हेही विचारलंच पाहिजे. हा शिष्टाचाराचा किंवा वेळ घालवण्याचा प्रश्न नाही. मराठीत एका पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची निघते. ती संपली की बहुतेक पुस्तकांची दुसरी निघत नाही. मग ते पुस्तक उरतं ते फक्त वाचनालयांच्या कपाटांत, आणि तिथे ते किती दिवस राहणार हे त्या तारखेच्या पट्टीवरच्या शिक्क्यांवर ठरतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने येऊन मागितलं, शिक्का पडला, की पुस्तक आणखी दहा वर्षं जगलं. सिनेमावरच्या मराठी पुस्तकांना आज याखेरीज दुसरं संरक्षण नाही.

सिनेमावरची पुस्तकं एवढी जिवापाड का जपायची, असं कुणी विचारेल. कारण ज्या सिनेमांबद्दल ती आहेत, ते सिनेमेच पुष्कळदा नाहीत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. आज त्याचा काही भागच पाहायला मिळतो. १९३१चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत शिल्लक नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५चा मूक 'सावकारी पाश', ज्यात तरुण व्ही. शांताराम यांनी शेतकऱ्याचं काम केलं होतं, तोही गेला. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हजाराहून अधिक चित्रपट निघाले, त्यांतले पूर्ण टिकलेले बोटांवर मोजावेत इतके. फिल्म तेव्हा नायट्रेटची असायची, ती पेट घ्यायची. शिवाय तिच्यात चांदी असायची, म्हणून जुन्या रिळांतून ती काढून विकणारेही होते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली उभं राहिलं, पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून रिळं गोळा केली, तरी तोवर फार उशीर झाला होता. आणि जे गोळा झालं होतं त्यातलंही कितीतरी २००३च्या आगीत गेलं.

मग मागे काय उरलं? कागद उरला. फाळक्यांनी १९१७-१८च्या सुमारास 'नवयुग' मासिकात आपल्या धडपडीबद्दल लेख लिहिले. ख्रिस्ताचा चित्रपट पाहून मनात काय उठलं, डोळे कसे जायची वेळ आली, कुंडीतल्या अंकुराची वाढ कॅमेऱ्यात कशी टिपली, हे सगळं त्यांच्याच शब्दांत आहे. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम कसं चालायचं, ते शांतारामबापूंच्या 'शांतारामा'त आहे. प्रभात फिल्म कंपनीचं वैभव आणि मोडतोड बापू वाटवे यांच्या 'एक होती प्रभातनगरी'त आहे. रिळं जळाल्यावर माणूस सिनेमाकडे जाणार तो या पानांतूनच. म्हणून मी म्हणते, की ही पुस्तकं सिनेमाला जोडलेली पुरवणी नव्हेत. हरवलेल्या सिनेमाचा उरलेला भाग तीच आहेत.

आम्हा कोकणातल्या माणसांना हे खरं तर सांगायला लागू नये. सिनेमा आमच्या घरात आधी वाचला गेला आणि मग पाहिला गेला. माझ्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सिनेमाच्या चोपड्या होत्या. गाण्यांच्या त्या पातळ पुस्तिका थिएटरच्या दारात आण्या-दोन आण्यांना मिळायच्या. मामा मुंबईला गिरणीत होता. गणपतीला आणि शिमग्याला घरी येताना तो खाऊबरोबर त्या घेऊन यायचा. पहिल्या पानावर नटनट्यांची नावं, मग कथासार, मग गाणी. कथासार रंगात यायचं, नायिका संकटात सापडायची आणि तिथेच छापलेलं असायचं: पुढील कथानक पडद्यावर पाहा. आता आईला कुठला पडदा? गावात तंबूतला सिनेमा यायचा तो दिवाळी उलटल्यावर, आणि वैशाखात वारं फिरलं की तंबू गुंडाळून जायचा. मुंबईला लागलेला चित्रपट आमच्याकडे यायला दोन-दोन वर्षं लागायची, पुष्कळसे यायचेच नाहीत. तेव्हा पुढचं आई स्वतः रचायची. मागच्या पडवीत काजू फोडत बसलेल्या मावशांना आणि आत्यांना ती शेवटपर्यंत गोष्ट सांगायची, आणि त्या विचारायच्या, 'गे, आणि खयची चोपडी हा तुज्याकडे?' चोपडी घरोघर फिरून यायची. परत येताना तिला हळदीचे डाग असायचे.

पुष्कळ वर्षांनी आईने त्यातला एक चित्रपट टीव्हीवर पाहिला आणि शेवट बघून ती नाराज झाली. तिचा शेवट बरा होता, असं तिचं म्हणणं होतं. मला ते आजही पटतं.

म्हणून 'आम्ही सिनेमावाले, वाचणं हे साहित्यवाल्यांचं काम' अशी जी भिंत हल्ली ऐकू येते, ती मला आपल्या मातीतली वाटत नाही. कोकणाशी नातं असलेल्या जुन्या चित्रपटांकडे बघा, निम्मे पुस्तकांतूनच उगवलेत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती दापोली तालुक्यातल्या पालगडच्या आठवणींवर. अत्र्यांनी १९५३ साली तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, तेही दापोलीकडचे. त्यांचा 'गारंबीचा बापू' १९५२ साली कादंबरी म्हणून आला, मग नाटक झालं, १९८० साली चित्रपट झाला, आणि काशीनाथ घाणेकरांचा बापू लोकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. गोनीदांच्या 'जैत रे जैत'मधले ठाकर कर्नाळ्याच्या सुळक्याखालचे. जब्बार पटेलांचा चित्रपट १९७७चा. जयवंत दळवी आरवलीचे, त्यांच्या 'महानंदा'चा चित्रपट झाला, 'चक्र'चाही झाला.

आणि खानोलकर. त्यांच्यापाशी मला जरा थांबायचंय, कारण ते अगदी आमचे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ले तालुक्यातल्या बागलांच्या राईचे. त्यांच्या 'चानी'वर व्ही. शांताराम यांनी १९७७ साली चित्रपट केला, रंजना त्यात चानी झाली. 'कोंडुरा'वर श्याम बेनेगल यांनी १९७८ साली हिंदीत चित्रपट केला, त्याच्या जोडीने तेलुगूतही. खानोलकर १९७६ सालीच गेले होते. दोनपैकी एकही चित्रपट पडद्यावर लागलेला त्यांनी पाहिला नाही. या एका गोष्टीने माझं दोन्ही पुस्तकांचं वाचन बदलून गेलं. लेखकाने पडद्याकडे पाहून काही सांगावं, तक्रार करावी, खूश व्हावं, यातलं काहीच घडलं नाही. त्याचं म्हणणं जे काय आहे ते कादंबरीतच आहे.

आमच्यात एक मुलगा आहे, ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. वय पंचविशीच्या आत. 'कोंडुरा' त्याने मोबाइलवर पाहिला होता. मला म्हणाला, 'काकी, ह्यो आपलो कोंडुरो काय?' वायंगणीच्या पुढचा तो खडकाळ किनारा त्याला लहानपणापासून माहीत. मी त्याला कादंबरी काढून दिली. तीन आठवडे त्याने ती ठेवली, मुदत वाढवून घेतली. परत करायला आला तेव्हा कव्हरवर ग्रीसचा अंगठा उमटला होता, त्याबद्दल तो फार ओशाळला होता. म्हणाला, 'पिक्चरात दर्या दिसता, पुस्तकात आयकाक येता.' हिंदी-तेलुगू चित्रपटात आमची बोली असायचं कारणच नव्हतं. ती भाषा, ती घुसमट, देवाचं आणि समुद्राचं ते भय त्याला पहिल्यांदा कागदावर भेटलं. या मुलाने त्याआधी शाळा सुटल्यापासून कादंबरी हातात घेतली नव्हती.

आता शिफारस करायची म्हणजे काय करायचं, यावर बोलायला हवं, कारण इथेच सगळी गोची होते. आमच्या मोबाइलच्या गटावर महिन्याकाठी एकदा तरी 'सिनेमावरची शंभर पुस्तकं' अशी यादी येते. अंगठे पडतात, फुलं पडतात. त्या यादीमुळे एकही पुस्तक कुणी कपाटातून काढल्याचं मी पाहिलेलं नाही. यादी कुणाला उद्देशून नसते, म्हणून ती कुणाच्याच घरी पोचत नाही. आईच्या चोपड्या फिरल्या त्या एका बाईने दुसरीला 'ही तुला आवडेल' म्हणून हातात दिल्या म्हणून.

तेव्हा आम्ही एक ठरवलं. शनिवारी चित्रपट संपला की चहाबरोबर प्रत्येकाने सध्या जे वाचतोय त्यातलं एकच पान सांगायचं. पुस्तक थोर आहे, अवश्य वाचा, संग्रही ठेवा, असं काही बोलायचं नाही. पान क्रमांक सांगायचा आणि तिथे काय आहे ते दोन-चार वाक्यांत सांगायचं. पुस्तक सिनेमावरचं असलंच पाहिजे अशी अटही घातली नाही. एकदा एका निवृत्त मास्तरांनी जुनं पंचांग आणलं होतं आणि त्यातली जाहिरात वाचून दाखवली. मला ते चाललं. हा नियम मी सगळ्या सिनेमाप्रेमींना कळकळीने सुचवते. पान सांगायचं तर पुस्तक खरोखर वाचलेलं असावं लागतं. आणि ऐकणाऱ्याला पूर्ण पुस्तकाचं ओझं वाटत नाही, तो ते एक पान बघायला म्हणून पुस्तक उघडतो. पुढचं काम ते पुस्तकच बघून घेतं.

याचा सगळ्यात मोठा अनुभव आला तो 'भूमिका'च्या वेळी. बेनेगलांचा १९७७चा चित्रपट, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा. तो हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे, आणि ते आत्मकथन शब्दांकित केलं अरुण साधूंनी. चित्रपट संपल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या एका मैत्रिणीने पिशवीतून पुस्तक काढलं, मध्येच उघडलं आणि एक उतारा वाचला. चित्रपटात त्या बाईकडे आपण बघत असतो. पुस्तकात ती आपल्याकडे बघून बोलत होती. लहान वयात कामाला जुंपलेली, नवऱ्याने पिळलेली, दारूबद्दल आणि स्वतःच्या चुकांबद्दल काही न लपवणारी बाई. वाचणारीचा आवाज कापला. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, 'मी हे तरुणपणी चोरून वाचलं होतं. घरात चालायचं नाही.' मग तिथे बसलेल्या आणखी दोघींनी तेच सांगितलं. एका पुस्तकामुळे तीन बाया पन्नास वर्षांनी एकमेकींशी ते बोलल्या. 'भूमिका' त्यांनी याआधीही पाहिला होता, तेव्हा हे बोलणं झालं नव्हतं.

यावर आक्षेप येतात, आणि ते घेणारी माणसं मूर्ख नाहीत.

एक आक्षेप असा, की नटनट्यांची आत्मचरित्रं म्हणजे कुचाळक्या, कुणाचं कुणाशी होतं याच्या गोष्टी. त्यांना वाचनालयाची जागा कशाला? मी म्हणते, एकदा 'मी, दुर्गा खोटे' वाचा. मुंबईच्या सधन लाड घराण्यातली, कॉलेजात शिकलेली मुलगी १९३०च्या आसपास सिनेमात उतरते, समाज तोंडात बोटं घालतो, आणि १९३२च्या 'अयोध्येचा राजा'त तीच तारामती होऊन उभी राहते. त्या काळी बाईला मिळवतं होणं किती महाग पडत होतं, हे कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात इतकं नीट सापडेल? लीला चिटणीस यांचं 'चंदेरी दुनियेत', स्नेहप्रभा प्रधान यांचं 'स्नेहांकिता', ही मराठी बायकांनी आपल्या कामाबद्दल, पैशाबद्दल, संसाराबद्दल केलेली सरळ निवेदनं आहेत. यांत कुचाळक्या असतीलही थोड्या. त्या वगळूनही पुष्कळ उरतं. आणि निव्वळ सिनेमाच्या कलेचाच अभ्यास हवा असेल तर अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' आहे. सिनेमावरच्या उत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक मराठीत आहे, आणि आमच्या भागातल्या कितीतरी गुरुदत्त-वेड्यांना त्याचा पत्ता नाही.

दुसरा आक्षेप तरुण मुलांचा. स्कॅन करून मोबाइलवर टाकून द्या ना, कपाट कशाला हवं? मलाही पहिल्यांदा हे सोपं वाटलं होतं. पण आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन मोकळं झालंय. दुर्गाबाई खोटे १९९१ साली गेल्या. त्यांचं पुस्तक २०५१ संपेपर्यंत परवानगीशिवाय कुणालाही असं वाटता येणार नाही. सिनेमावरची बरीचशी मराठी पुस्तकं याच टप्प्यातली आहेत, १९७० ते १९९०च्या दरम्यान लिहिलेली. बाजारात मिळत नाहीत आणि मोकळीही झालेली नाहीत. मधली ही तीस-चाळीस वर्षं त्यांनी काढायची कुठे? वाचनालयाच्या कपाटातच.

कायद्याने प्रती सुरक्षित आहेत, असंही कुणी म्हणतं. खरं आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायच्या असतात. पण मुंबईच्या ग्रंथालयात असलेल्या प्रतीचा कुडाळच्या किंवा राजापूरच्या वाचकाला काय उपयोग? ती घरी नेता येत नाही. एका पानासाठी कुणी रात्रीची गाडी पकडून दादरला उतरणार नाही.

तिसरा आक्षेप मला खरा जड जातो. गावातल्या मुलांना भरतीच्या परीक्षांची पुस्तकं हवीत, अभ्यासिकेला टेबलं हवीत, आणि तुम्ही नटींच्या आठवणींसाठी जागा मागता? अनुदान तुटपुंजं, सेवकांचा पगार वेळेवर होत नाही, हे मी आतून बघते. त्या मुलांच्या हातून एकही पुस्तक काढून घ्यावं असं मला वाटत नाही. पण मी नवीन काही विकत घ्यायला सांगत नाही. आहे ते फेकू नका, एवढंच मागतेय. परीक्षेचं पुस्तक पुढच्या वर्षी नवं मिळतं. 'कशाला उद्याची बात' एकदा रद्दीत गेलं की कुठल्याही शासनमान्य यादीतून ते परत आणता येत नाही.

आणि आपल्या किनाऱ्यावर तर पुस्तकं जाण्याच्या इतर वाटा कमी नाहीत. २२ जुलै २०२१ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा १८६४ साली सुरू झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं भिजली. ते फोटो मी पाहिले, फुगलेली, चिखलाने एकमेकांना चिकटलेली पुस्तकं. कितीतरी दिवस मला झोप लागत नव्हती. पुराच्या पाण्याला आपण आवर घालू शकत नाही. ठरावाने बाद करायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. कोकणात वाचनालयांची परंपरा लहान नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. ज्या काळात सिनेमाचा जन्मही झालेला नव्हता तेव्हापासून या प्रदेशाने पुस्तकं सांभाळली. सिनेमाचं शतक त्याच कपाटांत सांभाळायला काय हरकत आहे?

माझी मागणी मोठी नाही. निर्लेखनाच्या यादीत सिनेमा, नाटक, संगीत यांवरचं पुस्तक आलं, तर बाद करण्याआधी जिल्ह्यात दुसरी प्रत आहे का, एवढं एकदा विचारावं. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना एक फोन पुरेल. दुसरी प्रत नसेल तर ती जिल्हा ग्रंथालयाकडे द्यावी, रद्दीवाल्याकडे नव्हे. आणि कपाटांची मांडणी थोडी बदलावी. आज नटीचं आत्मचरित्र 'चरित्र' विभागात, पटकथा 'नाटक' विभागात, सिनेसंगीतावरचं 'ललित' मध्ये आणि राहिलेलं सगळं 'संकीर्ण' मध्ये. 'संकीर्ण' म्हणजे जिथे कुणी वाकून बघत नाही ते खालचं फळकं. सगळी एका फळीवर आणा, डोळ्यांच्या उंचीला, आणि वर चिठ्ठी लावा. आमच्याकडे हे काम दोन दुपारींत झालं. एकूण एकसष्ट पुस्तकं निघाली. आपल्याकडे इतकी आहेत याची आमच्या ग्रंथपाल ताईंनाही कल्पना नव्हती. पंचवीस वर्षं त्या त्यांच्यावरून हात फिरवताहेत.

जिथे जिथे जुना चित्रपट दाखवला जातो, मग तो कॉलेजात असो, गणपतीच्या मांडवात असो की कुणाच्या अंगणात, तिथल्या फळ्यावर चित्रपटाच्या नावाखाली एक ओळ आणखी लिहा: या चित्रपटाशी नातं असलेलं पुस्तक कोणतं आणि ते गावातल्या वाचनालयात कुठल्या दाखल क्रमांकाला आहे. खडूशिवाय याला काही लागत नाही.

हुबळीकरांचं पुस्तक यादीतून निघालं. बैठकीत मी फार बोलले नाही. तारखेची पट्टी दाखवली आणि आठवडाभर थांबा म्हटलं. तोवर इंजिनवाल्या मुलाने ते नेलं, त्याच्याकडून मास्तरांनी, त्यांच्याकडून त्यांच्या सुनेने. पट्टीवर आता चारांचे नऊ शिक्के झालेत, आणि नवी पट्टी चिकटवावी लागेल असं ताई म्हणाल्या. येत्या शनिवारी 'चानी' आहे. कादंबरी सध्या माझ्याकडे आहे, दुसऱ्यांदा वाचतेय, सोमवारपर्यंत आणून देते. ज्याला हवी असेल त्याने ताईंकडे आधी नाव नोंदवून ठेवावं. मी कुठलं पान सांगणार ते अजून ठरलेलं नाही, तीन पानांवर कागदाचे कपटे घालून ठेवलेत.